सावित्री खोऱ्याची इतिहाससहल: बाणकोटच्या खाडीतून महाडपर्यंत

हरिहरेश्वर ते महाड अशी सावित्री नदीच्या खोऱ्यातली दोन दिवसांची इतिहाससहल काही स्थानिक तरुण चालवतात. कोकणातल्या सहली बहुधा समुद्रकिनारा, मासळीचे ताट आणि वाटेवरचा एखादा किल्ला यांतच आटोपतात. या मंडळींनी मात्र एक आख्खे खोरे विषय म्हणून घेतले आहे आणि ते नदीच्या मुखाकडून वर, पाण्याच्या वाटेने दाखवायचे ठरवले आहे. माझ्या मते सहलीचे अर्धे यश या एका निर्णयात आहे. महामार्गावरून जाणाऱ्याला महाड हे मुंबई-गोव्याच्या रस्त्यावरचे एक गाव वाटते. रस्ते होण्यापूर्वी मात्र ते बंदर होते. खाडीतून आलेले मीठ, सुकी मासळी आणि नारळ येथून बैलांच्या पाठीवर वरंध घाटाने देशावर जात आणि देशावरचे धान्य याच वाटेने खाली उतरे. ही वाट ध्यानात आल्याशिवाय या खोऱ्यातली माणसे, त्यांच्या जाती-जमाती, त्यांची भांडणे आणि त्यांचे पराक्रम यांचा एकमेकांशी असलेला संबंध कळत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी हरिहरेश्वरला जमून बागमांडल्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने वेश्वीला उतरायचे असते. फेरीबोट खाडीच्या मध्यावर असताना मार्गदर्शक नदीचा उगम सांगतो. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांची नावे घेतली जातात, त्यांपैकी कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेचा रस्ता धरतात, तर सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर आणि महाडवरून येथे समुद्राला मिळते. निवेदन नेटके होते आणि आवाज बोटीच्या इंजिनावरही ऐकू येत होता. प्रवाशांच्या गर्दीत ध्वनिवर्धक न वापरता समजेल असे बोलणे ही साधी गोष्ट नाही.

वेश्वीहून प्रथम वेळासला नेतात. ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनामुळे हे गाव आता सर्वांना ठाऊक झाले आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने येथे जे काम उभे केले, त्याची माहिती सहलीत थोडक्यात दिली जाते आणि ती तेवढीच पुरेशी आहे. येथे खरा भर आहे तो भानू घराण्यावर. खाडीच्या उत्तरेला श्रीवर्धनचे भट आणि दक्षिणेला वेळासचे भानू ही दोन घराणी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाला कंटाळून घाटावर गेली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले आणि भानूंकडे फडणिशी आली. पुढे शतकभर मराठी राज्याचा कारभार आणि हिशेब ज्या दोन घरांच्या हाती राहिला, ती या एकाच खाडीच्या दोन काठांवरची होती, ही गोष्ट खाडीकडे तोंड करून उभे राहून ऐकताना जितकी ठसते तितकी वाचून ठसत नाही. मात्र सहलीत वाटलेल्या पुस्तिकेत नाना फडणवीसांचा जन्म वेळासचा असल्याचे छापले आहे, ते चुकीचे आहे. वेळास हे त्यांचे मूळ गाव असले, तरी त्यांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यात झाला. इतक्या कष्टाने केलेल्या पुस्तिकेत अशी चूक राहू नये.

बाणकोटचा किल्ला हा या सहलीतला पहिला मोठा मुक्काम आहे आणि त्याला दिलेला वेळही योग्य आहे. जांभ्या दगडाचा हा लहानसा किल्ला उंचावर असल्याने खाडीचे मुख, हरिहरेश्वरची टेकडी आणि आत वळत गेलेले पाणी एका नजरेत दिसते. आंग्र्यांच्या ताब्यातला हा किल्ला १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या आरमाराने घेतला. पुढच्या वर्षी पेशव्यांशी झालेल्या करारानुसार बाणकोट आणि भोवतालची काही गावे इंग्रजांकडे राहिली. त्यांनी किल्ल्याचे हिंमतगड हे नाव बदलून फोर्ट व्हिक्टोरिया केले. पुणे दरबार शाबूत असताना, १८१८ च्या साठ वर्षे आधी, कोकणच्या मुख्य भूमीवर इंग्रजांनी येथे पाय रोवला. पेशवाई बुडाल्यावर काही काळ दक्षिण कोकणचा कारभारही येथूनच चालला, मग तो रत्नागिरीला गेला.

एवढे सांगून बहुतेक मार्गदर्शक थांबले असते. येथे मात्र तरुण मार्गदर्शकाने पुढचा प्रश्न घेतला: इंग्रजांचे ठाणे आल्याने भोवतालच्या गावांतल्या माणसांचे काय झाले? मुंबईच्या फौजेत कोकणातून शिपाई भरती होऊ लागले. त्यांत मराठे होते, मुसलमान होते आणि महारही मोठ्या संख्येने होते. पलटणीतल्या शाळेत या महार शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना अक्षरओळख झाली, निवृत्तिवेतन मिळू लागले आणि गावकीच्या वतनावर न अवलंबून राहता जगता येईल अशी एक पिढी महाड-दापोलीच्या पट्ट्यात तयार झाली. गोपाळबाबा वलंगकर हे त्या पिढीतले. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका त्यांनी १८८८ मध्ये लिहिली आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे असे म्हणणाऱ्यांना जाहीर प्रश्न विचारले. सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज तयार करणारेही तेच, आणि पुढच्या वर्षी महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांमध्ये खळबळ उडाली. महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाची पार्श्वभूमी बाणकोटच्या तटावर उभे राहून सांगणे ही या सहलीची सर्वांत मोलाची कल्पना आहे आणि त्यासाठी मी आयोजकांचे मनापासून अभिनंदन करतो.

दुपारी भरती धरून होडी निघते. इंजिनाची मासेमारीची होडी आहे, वर ताडपत्रीची सावली केली आहे आणि जीवरक्षक जाकिटे सर्वांना सक्तीने घालायला लावतात. तांडेल खाडीकाठच्या कोळी कुटुंबातला होता. त्याचे बोलणे हा कार्यक्रमाचा अधिकृत भाग नसला, तरी तो असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाळ कुठे साठतो, जाळे कोणत्या वळणावर टाकायचे, पूर्वी येथे कोणती मासळी मिळे, रेती उपसणाऱ्या ड्रेजरनी काठ कसे ढासळले, हे सारे तो सुकाणू धरून सांगत होता. महाडच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी आणि खाडीतली घटलेली मासळी हा विषय निघाला, तेव्हा मार्गदर्शकाने तो हळूच बदलला. पर्यटकांना अप्रिय गोष्टी ऐकवू नयेत असा हेतू असेल, परंतु कोळी आणि भोई यांचा इतिहास सांगताना त्यांच्या पाण्याचे आज काय झाले आहे हे टाळले, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

खाडीतला हा प्रवास अप्रतिम आहे. दोन्ही काठांवर खारफुटी, त्यामागे भातखाचरे, त्यावर जांभ्याचे सडे आणि मध्येच एखाद्या मशिदीचा मनोरा किंवा देवळाचा कळस दिसतो. एकेकाळी मोठी गलबते म्हाप्रळपर्यंत येत, लहान मचवे भरतीच्या पाण्याने पुढे दासगाव आणि महाड गाठत. या वाहतुकीत कोकणी मुसलमानांचा वाटा फार मोठा होता. बाणकोट, म्हाप्रळ, आंबेत, दासगाव आणि महाड येथील त्यांच्या वस्त्या या जलमार्गावरच वसलेल्या आहेत. नाखवे, खलाशी, व्यापारी अशा पिढ्या झाल्यावर आगबोटींवर आणि नंतर आखाती देशांत नोकरी करण्याची परंपरा त्यांच्यात रुजली. उत्तरेकडील आंबेत हे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे गाव. १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १९८१ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. आंबेत आणि म्हाप्रळ यांना जोडणाऱ्या पुलाखालून होडी जाते तेव्हा हे सांगितले जाते. दक्षिणेकडच्या मंडणगड तालुक्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आहे, हेही तेथेच कळते. आंबडव्याला प्रत्यक्ष जाणे वेळापत्रकात नाही आणि माझ्या मते ते असायला हवे. वेळासमधील किनाऱ्यावरचा मोकळा वेळ कमी करून ते सहज जमेल.

मुक्काम म्हाप्रळ परिसरातल्या एका घरगुती निवासात असतो. खोल्या स्वच्छ आहेत आणि पंखे चालतात, मात्र स्वच्छतागृहे सामाईक आहेत. जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, कोलंबीचे कालवण आणि सोलकढी होती. शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्यांची उसळ होती. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. चव घरची होती, एवढे पुरे.

दुसऱ्या दिवशीच्या आखणीत या सहलीचा सर्वांत मोठा दोष आहे. आंबेतहून मिनीबसने टोळ फाट्याला महामार्ग गाठला जातो आणि तेथून दासगाव केवळ खिडकीतून दाखवून गाडी महाडकडे जाते. गाळामुळे होडी पुढे नेता येत नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. दासगावला न थांबण्याला मात्र काहीही कारण नाही. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ मध्ये महाडजवळच्या लाडवलीत झाला आणि त्यांचे बालपण दासगावात गेले. पुढे कामगार चळवळीत आणि कम्युनिस्ट पक्षात आयुष्य घालवलेल्या या कार्यकर्त्यानेच बाबासाहेबांनी महाडला यावे यासाठी सतत पाठपुरावा केला होता.

याच दासगावच्या बंदराचे स्थान १९२७ च्या डिसेंबरात आणखी मोठे आहे. सत्याग्रह परिषदेसाठी जाताना धरमतरहून महाडकडे जाणारे मोटारवाले अडवणूक करतील अशी शक्यता होती. म्हणून बाबासाहेब २४ डिसेंबरला प्रतिनिधींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी खाडीमार्गे दासगावला उतरले. तेथे हजारो लोक त्यांची वाट पाहत होते आणि तेथून हा समुदाय पायी महाडला गेला. म्हणजे ज्या पाण्यावरून आम्ही आदल्या दिवशी आलो, त्याच पाण्यावरून चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क मागणारी माणसे आली होती. पाण्याच्या वाटेने इतिहास दाखवण्याचा संकल्प करणाऱ्या सहलीने नेमक्या या ठिकाणी गाडीतून खाली उतरू नये, याचे मला अतिशय वाईट वाटले. दासगावचे आणखी एक स्मरण आहे: २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून फार मोठी जीवितहानी झाली. डोंगर आणि नदी यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर वसलेल्या गावांचे हे वास्तव पाहुण्यांनी जाणले पाहिजे.

महाडच्या अलीकडे, जेथे गांधारी नदी सावित्रीकडे येते, त्या पाले गावावर गांधारपाले लेणी आहेत. सुमारे तीस बौद्ध लेण्यांच्या या समूहातील एका शिलालेखात कानभोअ विष्णुपालित या राजकुमाराचे नाव आहे. लेण्यांच्या ओसरीतून खाली पाहिले की नद्यांचा संगम, महाड शहर आणि घाटाकडे जाणारी वाट दिसते. बंदर आणि घाट यांच्यामधल्या व्यापारी मार्गावर भिक्षूंनी हे स्थान का निवडले असावे, याचा उलगडा होतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी आयोजकांना आधी कळवावे. त्यांच्यासाठी खाली थांबण्याची सोय करतात.

चवदार तळ्यावरचे निवेदन उत्तम झाले. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात कोणाचे धाडस होत नव्हते, येथून सुरुवात करून मार्गदर्शकाने २० मार्च १९२७ चा दिवस क्रमवार उभा केला. परिषदेतून तळ्याकडे निघालेला मोर्चा, बाबासाहेबांनी घेतलेली ओंजळ, त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी उठवलेली अफवा आणि परतणाऱ्या लोकांवर झालेले हल्ले त्याने कोणताही भडकपणा न करता सांगितले. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या स्पृश्य समाजातल्या साथींची कामगिरी त्याने नीट मांडली. हल्ल्याच्या वेळी अनेकांना आसरा महाडच्या मुसलमान घरांनी दिला आणि डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली, हेही त्याने सांगितले. २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन आणि दहा वर्षे चाललेल्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिलेला अनुकूल निकाल येथवर निवेदन पोहोचले, तेव्हा समूहातील शाळकरी मुलेही शांतपणे ऐकत होती. त्याच १९३७ मध्ये, सप्टेंबरात, बाबासाहेबांनी खोती, म्हणजे खोतांमार्फत कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तो धागा घेतला असता तर खोऱ्यातल्या कुणब्यांचा प्रश्नही येथेच जोडता आला असता. तो राहून गेला.

कुणब्यांची आठवण केवळ याच कारणाने होत नाही. पुस्तिकेत नामवंतांना प्रत्येकी एक पान आहे: पोलादपूरजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे, रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावला १८७९ मध्ये जन्मलेले कामगार नेते नारायण मल्हार जोशी, रायगडच्या वाटेवरील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव यांच्यावरचे पान विशेष चांगले उतरले आहे. मात्र कुणबी, आगरी, कातकरी, धनगर, भोई या सर्वांना मिळून एकच परिच्छेद आहे. दर पिढीत मुंबईच्या गिरण्यांत माणसे पाठवून मनीऑर्डरवर गाव जगवणारा कुणबी समाज, भाताची कापणी झाली की वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला घरदार घेऊन जाणारा कातकरी समाज हेच या खोऱ्याचे बहुसंख्य कष्टकरी आहेत. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी पाने काढावीत आणि शक्य असल्यास त्यांच्यातल्याच कोणाकडून ती लिहून घ्यावीत.

महाडमधील उरलेला भाग घाईचा आहे. १७९६ मध्ये नाना फडणवीसांनी महाडला बसून दुसऱ्या बाजीरावाच्या पेशवाईची जुळवाजुळव केली, आणि १८०२ मध्ये हडपसरला होळकरांकडून पराभव झाल्यावर तोच बाजीराव रायगड-महाडमार्गे कोकणात उतरून पुढे इंग्रजी जहाजाने वसईला गेला. या दोन घटना बाजारपेठेतून चालताना सांगितल्या गेल्या आणि रहदारीच्या आवाजात निम्म्या विरल्या. त्या जुन्या बंदराच्या जागी शांतपणे सांगाव्यात. शेवटी महामार्गावरच्या नव्या पुलाजवळ थोडा वेळ थांबतात. १९२८ चा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. येथे मार्गदर्शक फारसे बोलला नाही आणि ते उचित होते.

सहल पावसाळा संपल्यावर सुरू होते आणि मेअखेरीस थांबते. होडीची वेळ भरतीवर अवलंबून असल्याने निघण्याची वेळ दर आठवड्याला बदलते, ती आधी विचारून घ्यावी. शुल्कात फेरीबोट, होडी, मिनीबस, निवास आणि जेवणे येतात. हरिहरेश्वरपर्यंत पोहोचणे आणि महाडहून परतणे आपले आपण पाहायचे असते. रायगड किल्ला यात नाही, त्यासाठी महाडला एक मुक्काम वाढवावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात राज्याभिषेकदिनामुळे आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात चवदार तळ्यावर येणाऱ्या जनसमुदायामुळे महाडमध्ये राहण्याची जागा मिळत नाही. ज्यांना २० मार्चलाच तळ्यावर असायचे आहे त्यांनी ही सहल न घेता थेट तेथे जावे. आणि सहल घेणाऱ्यांनी टोळ फाट्यावर गाडी वळते तेव्हा दासगावला थांबण्याचा आग्रह जरूर धरावा. आमच्या गटातल्या काहींनी तो धरला, तेव्हा पुढच्या हंगामापासून हा थांबा घेण्याचे आयोजकांनी मान्य केले आहे.